तीन पेट्या, सहा नाणी: समसंभाव्य निष्पत्ती बिनचूक कशा मोजायच्या

तीन पेट्या आहेत. प्रत्येकीला दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक नाणे. एका पेटीत दोन्ही नाणी सोन्याची, दुसरीत दोन्ही चांदीची, तिसरीत एक सोन्याचे आणि एक चांदीचे. बाहेरून तिन्ही पेट्या हुबेहूब सारख्या. न बघता एक पेटी निवडली, तिचा कुठला तरी एक कप्पा उघडला आणि आत सोन्याचे नाणे निघाले. आता त्याच पेटीच्या दुसऱ्या कप्प्यातही सोनेच असण्याची संभाव्यता किती?

फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ मध्ये हे कोडे मांडले. बहुतेकांचे पहिले उत्तर १/२ येते: चांदी-चांदीची पेटी तर बाद झाली, उरल्या दोन, त्यांतल्या एकीत दुसरे नाणे सोन्याचे, एकीत चांदीचे, म्हणजे निम्मे-निम्मे. बरोबर उत्तर २/३ आहे. आकडेमोड सुरू होण्याच्या आधीच इथे चूक होऊन गेलेली असते. ‘उरल्या दोन’ म्हणताना त्या दोन पेट्यांची शक्यता सारखी आहे असे आपण मुकाट्याने धरून चालतो. ती सारखी नाही.

अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी संभाव्यतेची ही व्याख्या दिली तेव्हा प्रत्येक निष्पत्ती सारखीच शक्य असली पाहिजे ही अटही सोबतच घातली होती. सूत्र लक्षात राहते, अट गळून पडते. या लेखात सगळा भर त्या अटीवर आहे: ती पाळली जाते आहे का हे कसे तपासायचे, आणि पाळली जात नसेल तर मोजणी कशी दुरुस्त करायची.

आधी कृती लिहा, मग निष्पत्ती

कोडे वाचल्यावर डोळ्यांसमोर जे दिसते त्याची यादी लगेच करायला घेऊ नका. आधी कागदावर लिहा की नशिबावर सोडलेल्या गोष्टी नेमक्या कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने घडतात. पेट्यांच्या कोड्यात अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, तीनपैकी एक पेटी निवडणे. पेट्या बाहेरून सारख्या, म्हणून तिन्हींची शक्यता सारखी. दुसरी, निवडलेल्या पेटीच्या दोनपैकी एक कप्पा उघडणे. कप्प्यांतही फरक करायला काही कारण नाही, म्हणून तेही समसंभाव्य.

म्हणजे ३ × २ = ६ ओळी. प्रत्येकीला नाव द्या. सोने-सोने पेटी ‘अ’, चांदी-चांदी ‘ब’, मिश्र पेटी ‘क’. कप्पे १ आणि २.

अ१: दिसले सोने, दुसऱ्या कप्प्यात सोने
अ२: दिसले सोने, दुसऱ्या कप्प्यात सोने
ब१: दिसली चांदी, दुसऱ्या कप्प्यात चांदी
ब२: दिसली चांदी, दुसऱ्या कप्प्यात चांदी
क१: दिसले सोने, दुसऱ्या कप्प्यात चांदी
क२: दिसली चांदी, दुसऱ्या कप्प्यात सोने

हा झाला नमुना अवकाश. यातली प्रत्येक ओळ १/६. आता मिळालेली माहिती वापरा: सोने दिसले. ज्या ओळींत चांदी दिसते त्या खोडा. ब१, ब२, क२ गेल्या. उरल्या अ१, अ२, क१. या तिघी आधी एकमेकींच्या बरोबरीच्या होत्या, खोडाखोडीनंतरही बरोबरीच्याच आहेत. त्यांतल्या दोन ओळींत दुसरे नाणे सोन्याचे. उत्तर २/३.

अ१ आणि अ२ या दोन ओळी अगदी सारख्या दिसतात. तोच तो मजकूर दोनदा कशाला लिहायचा, असे वाटून हात नेमका इथेच त्यांची एक ओळ करून टाकतो. तसे केले की अ आणि क यांची एकेक ओळ उरते आणि १/२ परत हजर होते. दिसायला सारख्या असल्या तरी त्या घडण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. हातात आलेले सोने तीन सोन्याच्या नाण्यांपैकी एक आहे, आणि त्या तीनपैकी दोन ‘अ’मध्ये राहतात.

ओळींवर विश्वास बसत नसेल तर मोठा आकडा घेऊन बघा. हाच प्रयोग ६०० वेळा केला तर प्रत्येक पेटी सुमारे २०० वेळा हाती येईल. ‘अ’ आली तर दर वेळी सोने दिसेल, म्हणजे २०० वेळा. ‘क’ आली तर निम्म्या वेळा, म्हणजे १०० वेळा. सोने दिसलेले एकूण प्रसंग ३००, त्यांतले २०० ‘अ’चे. सोने दिसणे हा पुरावा ‘अ’च्या बाजूने जास्त बोलतो, कारण ‘अ’ला सोने दाखवण्यावाचून पर्यायच नाही, ‘क’ तेवढ्याच वेळा हाती येऊनही निम्म्या वेळा चांदी दाखवून यादीतून बाहेर पडते.

एक फासा हाताशी असेल तर हे कोडे त्याच्यात पूर्ण मावते. १ आणि २ म्हणजे ‘अ’चे दोन कप्पे, ३ आणि ४ ‘ब’चे, ५ म्हणजे ‘क’चे सोने, ६ म्हणजे ‘क’ची चांदी. सोने दिसले याचा अर्थ १, २ किंवा ५ पडले.

ओळी सारख्या नसतील तर लसावि काढा

पेट्यांत नाणी सारख्याच संख्येने असतील असे नाही. समजा एका पेटीत ३ सोन्याची नाणी आहेत आणि दुसरीत १ सोन्याचे, १ चांदीचे. पेटी न बघता निवडायची, मग तिच्यातले एक नाणे न बघता काढायचे. सोने निघाले. ते पहिल्या पेटीतले असण्याची संभाव्यता किती?

इथे सरळ पाच नाण्यांच्या पाच ओळी मांडल्या तर चूक होईल. पहिल्या पेटीतल्या प्रत्येक नाण्याची शक्यता १/२ × १/३ = १/६, दुसरीतल्या प्रत्येकाची १/२ × १/२ = १/४. ओळी असमान आहेत. अशा वेळी ३ आणि २ यांचा लसावि ६ घ्या आणि प्रत्येक पेटीला ६ ओळी द्या. पहिल्या पेटीच्या सहाही ओळी सोन्याच्या (प्रत्येक नाण्याला दोन), दुसरीच्या ३ सोन्याच्या आणि ३ चांदीच्या (प्रत्येक नाण्याला तीन). आता बाराही ओळी १/१२ च्या झाल्या. सोन्याच्या ओळी ९, त्यांतल्या ६ पहिल्या पेटीच्या. उत्तर ६/९, म्हणजे २/३.

पेट्या न ठेवता पाचही नाणी एकाच पिशवीत ओतून त्यातून एक काढले असते, तर पाच ओळी खरोखर समसंभाव्य ठरल्या असत्या आणि ते पहिल्या पेटीतले असण्याची संभाव्यता ३/४ आली असती. नाणी तीच, दिसलेला रंग तोच, पण काढण्याची कृती बदलली आणि उत्तर बदलले. म्हणूनच कृती आधी लिहायची.

सारख्या दिसणाऱ्या वस्तूंना नावे द्या

या बाबतीत मोठमोठे लोक अडखळले आहेत. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत नाण्याच्या दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ सांगितली. त्यांचा युक्तिवाद असा: पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा, तीनपैकी दोन अनुकूल. वास्तविक ‘पहिल्याच फेकीत छापा’ ही एकटी निष्पत्ती १/२ ची आहे आणि बाकीच्या दोन १/४ च्या. खेळ संपला तरी दुसरी फेक झालीच असे समजून छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार ओळी मांडल्या की उत्तर ३/४ मिळते.

लायब्निट्स यांनी दोन फाशांवर ११ आणि १२ ही बेरीज सारखीच शक्य मानली होती, कारण ११ म्हणजे ५ आणि ६, १२ म्हणजे ६ आणि ६, दोन्हींची रीत एकेकच. एक फासा लाल आणि एक निळा करून बघा. लाल ५ निळा ६, लाल ६ निळा ५ अशा ११ च्या दोन रीती होतात. १२ ची एकच. ३६ पैकी २ आणि ३६ पैकी १. रंग लावल्याने फाशांच्या पडण्यात काही बदल होत नाही. जे आधीपासून घडत होते ते रंगामुळे डोळ्यांना दिसू लागते, एवढेच.

तीन फाशांचा जुना प्रश्न सर्वांत बोधक आहे. जुगाऱ्यांच्या लक्षात आले होते की ९ पेक्षा १० ही बेरीज थोडी जास्त वेळा पडते, पण दोन्ही बेरजा तर सहा-सहा प्रकारांनीच होतात. गॅलिलिओ यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याचा उलगडा केला. प्रकार लिहा आणि प्रत्येक प्रकार किती क्रमांनी पडू शकतो ते शेजारी मांडा. तिन्ही आकडे वेगळे असतील तर ६ क्रम, दोन सारखे असतील तर ३, तिन्ही सारखे असतील तर १.

बेरीज ९:
१-२-६ चे ६, १-३-५ चे ६, २-३-४ चे ६, १-४-४ चे ३, २-२-५ चे ३, ३-३-३ चा १. एकूण २५.

बेरीज १०:
१-३-६ चे ६, १-४-५ चे ६, २-३-५ चे ६, २-२-६ चे ३, २-४-४ चे ३, ३-३-४ चे ३. एकूण २७.

एकूण क्रम ६ × ६ × ६ = २१६. म्हणजे २५/२१६ आणि २७/२१६, फरक १/१०८. सगळा फरक ३-३-३ या एका प्रकारामुळे पडला. ९ च्या यादीत तो इतरांच्या मांडीला मांडी लावून बसतो, पण त्याची रीत एकच आहे. एवढा बारीक फरक नुसत्या खेळण्यातून खेळाडूंच्या नजरेत आला याचे मात्र नवल वाटते.

मग क्रम नेहमीच मोजायचा का? नाही, पण कधी सोडता येतो ते नीट कळले पाहिजे. पिशवीत ३ लाल आणि २ पांढरे चेंडू आहेत, एकापाठोपाठ दोन काढायचे, पहिला परत टाकायचा नाही. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता क्रमाने मोजली तर ५ × ४ = २० पैकी ३ × २ = ६. क्रम न धरता जोड्या मोजल्या तर १० पैकी ३. दोन्हीकडे ३/१०. इथे प्रत्येक जोडी बरोबर दोन क्रमांनी येते, त्यामुळे जोड्याही समसंभाव्यच राहतात. परीक्षेत हमखास होणारी चूक म्हणजे अंश एका पद्धतीने आणि छेद दुसऱ्या पद्धतीने मोजणे: ६/१० किंवा ३/२०. एकदा पद्धत ठरवली की वर आणि खाली तीच चालवा.

पहिला चेंडू परत टाकायचा असेल तर गोष्ट बदलते. क्रमाने २५ ओळी होतात. क्रम सोडला तर १५ जोड्या, पण त्यांतल्या १० जोड्या (दोन वेगळे चेंडू) दोन-दोन क्रमांनी येतात आणि ५ जोड्या (तोच चेंडू पुन्हा) एकाच क्रमाने. जोड्या समान नाहीत. एकच वस्तू किंवा एकच आकडा दोनदा येऊ शकत असेल तर क्रम सोडू नका. नाणी, फासे आणि परत टाकून काढलेले चेंडू सगळे याच वर्गातले.

जाता जाता एक नोंद. नावे देण्याचा हा नियम नाण्या-फाशांच्या जगाचा आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची जी मोजणी मांडली तिच्यात दोन कणांना ‘हा’ आणि ‘तो’ अशी नावे देताच येत नाहीत. दोन कण आणि दोन अवस्था असतील तर दोन्ही पहिलीत, दोन्ही दुसरीत, एकेक दोन्हीकडे अशा तीनच निष्पत्ती धरल्या जातात, आणि त्या समसंभाव्य मानून काढलेली उत्तरे निरीक्षणांशी जुळतात. कोणत्या निष्पत्ती समान धरायच्या हे शेवटी वस्तू आणि कृती ठरवते, कागदावरचा तर्क एकटा ते ठरवू शकत नाही. वाकलेले नाणे किंवा टोकावर झिजलेला फासा घेतला तर ओळी कितीही नीट मांडा, त्या समान होणार नाहीत.

मध्येच थांबणारे खेळ

दालांबेर यांच्या चुकीचे मोठे रूप डाव वाटणीच्या प्रश्नात दिसते. दोन खेळाडू बरोबरीचे आहेत. एकाला जिंकायला आणखी २ डाव हवेत, दुसऱ्याला ३. खेळ इथेच थांबवावा लागला तर पणाची रक्कम कशी वाटायची? पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आहे.

जास्तीत जास्त ४ डावांत निकाल लागतो. चारही डाव खेळले गेले असे समजून २ × २ × २ × २ = १६ ओळी मांडा. पहिल्या खेळाडूला निदान २ डाव मिळतात अशा ओळी ११, उरलेल्या ५ दुसऱ्याच्या. वाटणी ११ : ५.

रोबेर्वाल यांनी यावर आक्षेप घेतला होता: पहिल्याने सलग दोन डाव जिंकले तर पुढचे दोन खेळलेच जाणार नाहीत, मग ते मोजायचे कशाला? आक्षेप ऐकायला रास्त वाटतो, म्हणून तो शेवटपर्यंत नेऊन बघा. पहिला खेळाडू ‘प’, दुसरा ‘द’. खेळ जिथे खरोखर थांबतो तिथपर्यंतच्या निष्पत्ती अशा: पप, पदप, दपप, पददप, दपदप, ददपप या सहा ‘प’च्या, ददद, पददद, दपदद, ददपद या चार ‘द’च्या. दहा पैकी सहा म्हणून वाटणी ६ : ४ केली तर ‘प’वर अन्याय होतो, कारण ‘पप’ ची शक्यता १/४ आहे आणि ‘ददपप’ ची १/१६. थांबलेल्या यादीनेच मोजायचे असेल तर प्रत्येकीचे वजन लिहा: पप ४, पदप २, दपप २, बाकी तीन एकेक, बेरीज ११. समोरची बाजू: ददद २, बाकी तीन एकेक, बेरीज ५. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला.

म्हणून लांबी वेगवेगळी असलेल्या निष्पत्ती यादीत दिसल्या की थबका. एक तर सगळ्या सारख्या लांबीच्या करा, नाहीतर प्रत्येकीसमोर तिचे वजन लिहा.

माहिती कशी मिळाली हेही प्रयोगातच धरा

खोडण्याच्या पायरीत एक बारीक खाच आहे. पेट्यांच्या कोड्यात आपण स्वतः एक कप्पा न बघता उघडला. आता कृती थोडी बदलू. कोणी तरी निवडलेल्या पेटीचे दोन्ही कप्पे उघडून बघतो आणि आपण विचारतो, ‘यात निदान एक तरी सोन्याचे नाणे आहे का?’ तो ‘हो’ म्हणतो. आता पेटी ‘अ’ असेल तरी उत्तर ‘हो’, ‘क’ असेल तरी ‘हो’च. कप्पा निवडण्याची पायरीच नाही, त्यामुळे ओळी तीन: अ, ब, क. ब खोडली, उरल्या दोन, आणि इथे १/२ हे उत्तर अगदी बरोबर आहे. ज्यांचे उत्तर १/२ येते ते नकळत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतात.

दोन मुलांचे कोडे असे: एका कुटुंबात दोन मुले आहेत आणि त्यांतला निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती? त्यावर इतका वाद होतो तो याच कारणाने. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ते वाचकांपुढे ठेवले आणि पुढे मान्यही केले की माहिती कशी मिळाली हे सांगितल्याशिवाय त्याला एक उत्तर नाही. मुलगा-मुलगी यांची शक्यता समान धरू. ‘तुम्हाला निदान एक मुलगा आहे का?’ असे विचारून ‘हो’ मिळाले, तर थोरला-धाकटा क्रमाने मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा या तीन ओळी उरतात. दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता १/३. पण दोघांपैकी एक मूल योगायोगाने समोर आले आणि तो मुलगा निघाला, तर ‘कोणते मूल समोर आले’ हीसुद्धा नशिबावर सोडलेली गोष्ट आहे. ४ × २ = ८ ओळी. मुलगा समोर येणाऱ्या ओळी चार: मुलगा-मुलगा कुटुंबाच्या दोन, मिश्र कुटुंबांची एकेक. उत्तर २/४ म्हणजे १/२.

तीन दारांचे मॉन्टी हॉल कोडेही असेच सोडवावे. स्टीव्ह सेल्विन यांनी ते १९७५ मध्ये मांडले आणि १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या सदरामुळे ते घरोघरी पोहोचले. त्यांचे बरोबर उत्तर खोडून काढायला हजारो पत्रे आली. एका दारामागे मोटार, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही दार १ निवडले. मोटार कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक आहे. तो उरलेल्या दोनपैकी बकरीचे एक दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलायची का?

मोटार १ मागे असेल तर सूत्रसंचालकापुढे दोन दारांचा पर्याय असतो, नाहीतर एकच. त्यामुळे सरळ यादी केली तर चार ओळी असमान होतात आणि गोंधळ उडतो. यावर एक हुकमी उपाय आहे: सूत्रसंचालकाच्या हातात दर वेळी एक नाणे द्या. गरज असो वा नसो, तो ते उडवतो. गरज असेल तेव्हाच त्याचे ऐकतो, छाप्याला दार २, काट्याला दार ३. मग ३ × २ = ६ समान ओळी मिळतात:

मोटार १, छापा: उघडले २
मोटार १, काटा: उघडले ३
मोटार २, छापा: उघडले ३
मोटार २, काटा: उघडले ३
मोटार ३, छापा: उघडले २
मोटार ३, काटा: उघडले २

दार ३ उघडले गेले असेल तर उरलेल्या तीन ओळींपैकी दोन ओळींत मोटार २ मागे आहे. बदलणाऱ्याची जिंकण्याची संभाव्यता २/३.

सूत्रसंचालकाला काहीच ठाऊक नाही आणि तो नेहमी नाण्याचेच ऐकतो असे धरा. दार ३ फक्त काट्याच्या तीन ओळींत उघडेल: मोटार १, मोटार २, मोटार ३. शेवटच्या ओळीत मोटारच दिसेल, पण आपल्याला बकरी दिसली आहे, म्हणून ती खोडा. उरल्या दोन. आता बदला किंवा बदलू नका, १/२. समोरचे दृश्य दोन्ही वेळा तेच: दार ३ उघडे, आत बकरी.

स्वतः करून पाहायचे असेल तर

सारख्या आकाराचे तीन पुठ्ठे कापा. एक दोन्ही बाजूंनी लाल, एक दोन्ही बाजूंनी निळा, एक एका बाजूने लाल व दुसरीकडे निळा. हेच ते पेट्यांचे कोडे; कप्प्यांच्या जागी बाजू आल्या. अपारदर्शक पिशवीत टाका, हलवा, न बघता एक काढून टेबलावर ठेवा, वरचा रंग लिहा, मग उलटून खालचा लिहा. प्रत्येक वेळी पुठ्ठा परत टाका.

फक्त लाल दिसलेले प्रसंग मोजले तर निम्मे प्रयत्न वाया जातात. त्याऐवजी ‘खालचा रंग वरच्यासारखाच आहे का’ हे मोजा. लाल-निळ्याची अदलाबदल केली तरी कोडे तेच राहते, त्यामुळे प्रत्येक प्रयत्न कामी येतो. ३० वेळा करून निर्णय देऊ नका. २/३ खरे असेल तर ३० पैकी १५ ते २५ वेळा रंग जुळणे साहजिक आहे, आणि १/२ खरे असते तर १० ते २०. या दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात. २०० वेळा करा. मग २/३ ला साधारण १२० ते १४७ आणि १/२ ला ८६ ते ११४, म्हणजे मधली सीमा स्पष्ट होते.

हात दोन ठिकाणी चुकतो. एक, पुठ्ठा परत टाकताना तीच बाजू वर ठेवून अलगद सोडला आणि पिशवी नीट हलवली नाही, तर बाजूंची निवड नशिबावर राहत नाही. पिशवी उलटीपालटी करून हलवा, आणि पुठ्ठे बोटांनी चाचपू नका. रंगाचा थर जाड असेल तर बाजू स्पर्शाने ओळखू येते. दोन, ‘लाल दिसायला हवा’ म्हणून निळा आला की पुठ्ठा उलटून लाल बाजू वर करण्याचा मोह होतो. तसे केले की मिश्र पुठ्ठा दर वेळी लाल दाखवू लागतो, दोन्ही बाजूंनी लाल असलेल्याच्या बरोबरीने मोजला जातो, आणि फक्त लाल दिसलेले प्रसंग मोजले तर वहीत जवळजवळ निम्मे-निम्मे उतरते. निळा आला तर निळाच लिहा.